कडू वृंदावन आणि इंद्रायण एकच का?

प्रश्न असा आलाय की वाळवंटातल्या औषधी वनस्पतींवर वाचताना एकाच फळाला कुठे इंद्रायण तर कुठे कडू वृंदावन म्हटलेलं दिसलं, आणि वृंदावन म्हणजे तर तुळशीचं, मग हे काय?

दोन्ही एकच. शास्त्रीय नाव सिट्रुलस कोलोसिंथिस, म्हणजे कलिंगडाचा सख्खा भाऊबंद. थरच्या वाळवंटापासून अरबस्तान, सहारापर्यंत वाळूत पसरणारा वेल, फळ लहानसं, हिरव्यावर फिकट पट्टे, अगदी छोटं कलिंगडच वाटतं. राजस्थानात तुंबा म्हणतात, अरबीत हंजल. संस्कृतात इंद्रवारुणी, त्यावरून इंद्रायण, इंद्रावण. मला वाटतं आपल्याकडे इंद्रावणचंच ओळखीच्या शब्दाकडे झुकत वृंदावन झालं असावं, उच्चार किती जवळ आहेत बघा, मग तुळशीच्या वृंदावनापासून वेगळं ठेवायला पुढे 'कडू' लागलं असेल. दिसायला छान पण आतून कडवट अशा माणसालाही कडू वृंदावन म्हणतात आणि ज्याने हे फळ चाखलंय त्याला ती उपमा किती नेमकी आहे ते सांगावं लागत नाही.

हा कडूपणा येतो कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे, ही ट्रायटर्पिनॉइड नावाच्या वनस्पतिजन्य रसायनांच्या गटातली, रचना स्टेरॉइडसारखी, भोपळा-काकडीच्या कुळात बऱ्याच ठिकाणी सापडतात आणि कुळाच्या लॅटिन नावावरूनच त्यांना हे नाव पडलंय. खायला येणाऱ्या प्राण्यांना लांब ठेवायचं वेलीचं हत्यारच ते. इंद्रायणात मुख्यतः कुकुरबिटासिन ई आणि त्याचा ग्लुकोसाइड, म्हणजे ग्लुकोज जोडलेलं रूप, असतं. गर तीव्र रेचक आहे, आतड्याच्या अस्तराची आग होते म्हणून जुलाब होतात, आणि आयुर्वेदात विरेचनासाठी, म्हणजे पोट साफ करायला, हे वापरलं गेलं ते याच गुणामुळे. पण औषध आणि विष यातलं अंतर इथे फार कमी आहे, मात्रा जास्त झाली तर रक्ती जुलाब होतात, त्यामुळे घरी काढा करून कोणी पिऊ नका प्लीज. बियांचं तसं नाही, त्यात तेल असतं, बरंचसं लिनोलेइक ॲसिड या स्निग्धाम्लाचं.

अजून एक घोळ म्हणजे कवंडळ. हे नाव काहीजण इंद्रायणाला लावतात, पण लाल फळाच्या रानवेलीलाही, ट्रायकोसँथिसला, कवंडळ किंवा कौंडळ म्हणतात आणि तो वेल वाळवंटातला नाही, रानातला. फळ पिकून लालभडक झालं तर ते इंद्रायण नव्हे, इंद्रायण पिवळं पडतं.