कागद मागताना आणि कागद देताना
वाचकांचे प्रश्न : माहिती अधिकार व डिजिटल गोपनीयता

प्रश्न : आमच्या गल्लीतला रस्ता काँक्रीटचा झाला आणि दुसऱ्याच पावसाळ्यात तडकला. आरटीआय ऑनलाइनवर विचारलं, 'काम निकृष्ट का झालं, जबाबदार कोण, काय कारवाई करणार?' उत्तर आलं, 'माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.' हे चालतं का?
(मानपाडा, ठाणे)

चालतं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(च) नुसार 'माहिती' म्हणजे कार्यालयाकडे आधीच असलेलं साहित्य. 'का' या प्रश्नाचं उत्तर फाइलमध्ये लिहिलेलं नसेल, तर ते नव्याने तयार करून द्यायला जन माहिती अधिकारी बांधील नाही. म्हणून प्रश्न विचारण्यापेक्षा कागद मागावा. निकृष्ट कामाचा पुरावा त्या कागदांतच असतो.

पुढचा अर्ज असा करा : 'अमुक चौक ते तमुक सोसायटी या रस्त्याच्या काँक्रीटीकरणाबाबत (कालावधी : जानेवारी २०२३ ते आजपर्यंत) पुढील कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात : १) कार्यादेश, २) अंदाजपत्रक, ३) मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, ४) अदा केलेली देयकं, ५) काँक्रीट क्यूबचे चाचणी अहवाल, ६) निविदेतील दोषदायित्व कालावधीची अट.' यातली तिसरी आणि सहावी बाब सोडू नका. मोजमाप पुस्तिकेत स्लॅबची जाडी लिहिलेली असते. दोषदायित्व कालावधी संपला नसेल, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. म्हणजे तुमचा 'जबाबदार कोण' इथेच सुटला.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. रस्ता आणि गटार एकाच अर्जात घातलंत, तर फक्त पहिल्या विषयाचं उत्तर येऊ शकतं. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना माफ. पोर्टलच्या यादीत तुमचं कार्यालय सापडलं नाही, तर कागदी अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून स्पीड पोस्टाने पाठवा. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तरी घाबरू नका. कलम ६(३) खाली तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे. ठाण्यातल्या रस्त्यांवर पालिका, बांधकाम विभाग, एमएमआरडीए अशा अनेक यंत्रणा असतात, त्यामुळे हे वारंवार घडतं.

मुदत ३० दिवस. मात्र प्रतींचे पैसे (साध्या पानाला २ रुपये) भरा असं पत्र निघालं, की तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस या ३० दिवसांत धरले जात नाहीत. पत्र साध्या टपालाने येऊन कुठेतरी पडून राहतं आणि अर्जदार 'मुदत संपली' म्हणून अपील ठोकतो, असं बरेचदा होतं. म्हणून पोर्टलवरची अर्जाची स्थितीही अधूनमधून बघत जा. मुदतीनंतर माहिती दिली, तर कलम ७(६) प्रमाणे ती फुकट द्यावी लागते.

उत्तर आलंच नाही किंवा पटलं नाही, तर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करा, शुल्क २० रुपये. त्यानंतर ९० दिवसांत द्वितीय अपील. ठाणे जिल्ह्यातली द्वितीय अपिलं राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, बेलापूरला जातात. तिथे सुनावणी लागायला बराच काळ जातो. तुमच्या बाबतीत अपिलापेक्षा नीट लिहिलेला नवा १० रुपयांचा अर्ज लवकर फळ देईल.

प्रश्न : परवानग्यांच्या फाइलवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावं मागितली. 'नव्या कायद्यानुसार वैयक्तिक माहिती देता येत नाही' म्हणून नकार आला. आता सगळंच बंद झालं का?
(ऐरोली, नवी मुंबई)

सगळं नाही, पण दार बरंच लोटलं गेलंय. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं आणि हा बदल १४ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने खासगीपणावर अवाजवी आक्रमण होतं, असं दाखवावं लागे. 'संसदेला किंवा विधिमंडळाला जी नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारू नये' असंही वाक्य होतं. दोन्ही गेलं. उरलं ते 'वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती' एवढंच. गंमत अशी, की याच कायद्यातल्या कंपन्यांवर बंधन घालणाऱ्या मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची सवलत आहे. नागरिकाला नकार द्यायची सोय मात्र पहिल्याच दिवशी सुरू झाली.

तरी प्रथम अपिलात मांडायला चार मुद्दे हातात आहेत. माहिती अधिकाराचं कलम ८(२) शाबूत आहे : जनहित जास्त वजनदार असेल तर माहिती देता येते. इथे 'जनहितार्थ' एवढा शब्द पुरत नाही. कोणतं हित, कोणाची सुरक्षितता, किती कुटुंबं, हे लिहा. दुसरा, कलम १० : मोबाइल नंबर, पॅन झाकून उरलेला कागद द्यावा. तिसरा, कलम ४(१)(ख) : अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायची असते, मग तीच नावं गुपित कशी? चौथा, कलम १९(५) : नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी अधिकाऱ्याची, तुमची नव्हे.

आणि पुढच्या अर्जात नाव मागूच नका. 'मंजुरीच्या टिप्पणीची प्रत, स्वाक्षरी करणाऱ्याच्या पदनामासह' असं लिहा. नावाचं पुढे बघता येईल.

प्रश्न : सोसायटीचे हिशेब आरटीआयखाली मिळतील?
(वाशी, नवी मुंबई)

सोसायटीकडून नाही. सहकारी संस्था सरसकट 'सार्वजनिक प्राधिकरण' ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये थलप्पलम प्रकरणात सांगितलंय. सभासद असाल तर सहकार कायद्याखाली सोसायटीकडेच लेखी मागा. उपनिबंधकाकडे आधीच दाखल असलेले कागद, उदाहरणार्थ लेखापरीक्षण अहवाल, त्या कार्यालयात आरटीआय करून मागता येतात.

प्रश्न : फ्लॅट भाड्याने घेताना एजंट आधारची प्रत व्हॉट्सॲपवर मागतो, शिवाय अंगठाही घेणार म्हणतो. द्यावं का?
(कोपरखैरणे, नवी मुंबई)

दोन गोष्टी वेगळ्या करा. भाडेकराराच्या ऑनलाइन नोंदणीसाठी अंगठा लागतो. ते रीतसर आहे. व्हॉट्सॲपवर पूर्ण आधार पाठवणं मात्र टाळा.

मायआधार संकेतस्थळावर क्रमांक आणि ओटीपी टाकून लॉगिन करा, 'डाउनलोड आधार'मध्ये 'मास्क्ड' पर्यायावर खूण करा. प्रतीत फक्त शेवटचे ४ अंक दिसतात. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली ४ कॅपिटल अक्षरं आणि लगेच पुढे जन्मवर्ष, मध्ये जागा नाही. झेरॉक्स दिलीत तर मजकुरावरून आडवं लिहा : 'फक्त अमुक फ्लॅटच्या भाडेकरारासाठी', खाली तारीख. झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर फाइल उघडली असेल, तर ती डाउनलोड्समधून आणि मग रीसायकल बिनमधूनही काढा. व्हॉट्सॲप वेबमधून बाहेर पडायला विसरू नका.

मायआधारवरच किंवा एमआधार ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. अंगठ्याची नक्कल करून आधारवरून बँकेतले पैसे काढण्याचे प्रकार त्याने अडतात. पण लॉक असताना एजंटच्या यंत्रावर अंगठा ठेवलात, तर '३३०' हा एरर येतो. एजंट म्हणेल, तुमचं आधार बिघडलंय, केंद्रावर जा. काही बिघडलेलं नसतं. ॲपमध्ये तात्पुरतं अनलॉक करा, १० मिनिटं मिळतात आणि नंतर लॉक आपोआप परत लागतो. त्यामुळे नोंदणीचं पान उघडून एजंट अंगठा मागेल तेव्हाच अनलॉक करा, घरून निघताना नको.