जुनी झेड फोर, सोलापूरचे रस्ते आणि टायर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून जुनी बीएमडब्ल्यू झेड फोर घेतली आहे, राहायला जुळे सोलापूर, महिन्यातून दोनदा पुण्याची फेरी, बाकी गावातल्या गावात. गाडीवर आधीच्या मालकाचे रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे, टायर आहेत, २०१७चे, पण नक्षी भरपूर शिल्लक आहे. मित्र म्हणतात एकोणीस इंची मॅग (अलॉय रिम) घाल आणि ट्रॅकवर वापरतात ते सेमी-स्लिक टाक. तर काय करावं?

निकाल आधी सांगतो. चारही टायर बदला. रिम अठरा इंचीच राहू द्या. सेमी-स्लिकचा विषय मित्रांसोबत चहापुरताच ठेवा. रनफ्लॅट ठेवायचे की काढायचे हा खरा प्रश्न आहे, त्यावर जरा सविस्तर लिहितो.

अक्कलकोट रोडला मामाचं ट्रकच्या टायरचं दुकान होतं, कॉलेजच्या सुट्ट्या तिथं रबराच्या वासात गेल्या. आता माझ्याकडे जुनी ऑडी टीटी आहे, त्यामुळे सोलापुरात असली गाडी पाळणं म्हणजे काय, हे खिशाला माहीत आहे.

तुमच्या टायरची नक्षी शिल्लक आहे, हेच त्यातलं फसवं आहे. स्पोर्ट्स कार फार चालत नाही, कापडाखाली उभी असते. नक्षी तशीच राहते आणि रबर वाळत जातं. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस अंश, आणि तेव्हा काळ्या डांबराचं तापमान साठच्या पुढं जातं. अशा तव्यावर वर्षानुवर्षं उभा राहिलेला टायर नखानं दाबून बघा, दगडासारखा लागतो. नक्षीच्या खाचांच्या तळाशी केसासारख्या चिरा दिसल्या तर विचार करत बसूच नका. कायद्यानं नक्षी किमान १.६ मिलिमीटर लागते, पण कायदा खोली मोजतो, रबराचं वय मोजत नाही.

वय कुठं बघायचं? टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. २३१९ असेल तर २०१९चा तेविसावा आठवडा. गंमत अशी की हे चार आकडे बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असतात. मी यात फसलो आहे. दुसऱ्या शहरातल्या एका दुकानदाराकडून 'शेवटचे दोन पीस, भाव पाडून देतो' म्हणून टीटीसाठी पुढचे दोन टायर मागवले. इथं बसवून घेतले, तारखेची बाजू आत गेली, मीही पाहिलं नाही. मे महिन्यात वळवाची पहिली सर पडली आणि तुळजापूरच्या घाटात, रोजच्याच वेगानं, स्टिअरिंग वळवलं तरी गाडीचं नाक सरळच चाललं. कठड्याच्या दीड हात अलीकडे टायरनं पकड घेतली. बायको शेजारी होती, घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गाडी जॅकवर घेऊन खालून टॉर्च मारला. टायर विकत घेतला त्याच दिवशी साडेपाच वर्षांचा होता.

तेव्हापासून टायर दुकानात आला की रिमवर चढण्याआधी मी तारीख वाचतो. वर्षाच्या आतला असेल तर उत्तम, दीड वर्षापर्यंत चालवून घेतो, त्यापुढं परत. तुमच्या मापात ही काळजी जास्तच घ्यायला हवी, कारण ही मापं सोलापुरात कुणी भरून ठेवत नाही. त्यात जून २०२० पासून टायरची आयात परवान्याच्या यादीत गेली, त्यामुळे परदेशातून येणाऱ्या मोठ्या मापांसाठी थांबावं लागतं. थांबायला कंटाळलेल्या गिऱ्हाइकालाच जुना माल खपवला जातो. उन्हाळ्यात टायर हवे असतील तर संक्रांतीला, गड्ड्याची यात्रा चालू असतानाच ऑर्डर देऊन टाका.

आता मापाचं. अठरा इंची रिमवर या गाडीचं नेहमीचं माप पुढं २२५/४० आर१८ आणि मागं २५५/३५ आर१८. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के. २२५चे चाळीस टक्के ९० मिलिमीटर, २५५चे पस्तीस टक्के ८९. म्हणजे रिम आणि खड्डा यांच्यामध्ये साधारण चार बोटं रबर आहे, बस्स. एकोणीस इंचीला गेलात तर माप होतं २२५/३५ आणि २५५/३०, आणि मागची भिंत साडेशहात्तर मिलिमीटरवर येते. साडेबारा मिलिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण सर्व्हिस रोडवर ड्रेनेजच्या झाकणाचा जो खड्डा आज फक्त 'धप्' करतो, तोच मग रिमची कड वाकवतो आणि टायरला फुगा आणतो. फुगा म्हणजे भिंतीतले दोरे आतून तुटलेले. त्याला पॅच नाही, रिमोल्ड नाही, तो टायर भंगारात. फुगा आलेला टायर 'चालतंय की साहेब, हळू चालवा' म्हणणारे भेटतील. त्यांना त्यावर बसून हैद्राबादला जायला सांगा.

मापाच्या शेवटी ९२वाय असं काहीतरी असतं. ९२ हा वजनाचा आकडा, एका टायरला ६३० किलो. याच मापात ८८ही मिळतो, ५६० किलोचा. मागच्या मापात ९४ घ्या, तो ६७० किलोचा. मोठा आकडा असलेल्यावर 'एक्स्ट्रा लोड' किंवा एक्सएल लिहिलेलं असतं, तेच मागा. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर, डब्ल्यू म्हणजे २७०. चौपदरी हायवेवर कारला मर्यादा १००ची, मग तीनशेचा टायर कशाला, असं आमच्या घरातही विचारलं गेलं. ते अक्षर खरं तर टायर किती उष्णता सोसेल ते सांगतं, आणि भर उन्हात मोहोळच्या सरळ रस्त्यावर तासभर शंभरनं जाणं ही उष्णतेचीच परीक्षा आहे. शिवाय गाडी ज्या वेगासाठी बनली त्याच्या खालचा टायर घातला तर अपघातानंतर विमा कंपनी बोट ठेवायला मोकळी.

रनफ्लॅट. यात बाजूची भिंत इतकी जाड असते की हवा गेली तरी गाडी बसत नाही, ताशी ८० किलोमीटरच्या आत सुमारे ८० किलोमीटर जाता येतं. म्हणूनच या गाडीत स्टेपनी नाही. जर्मनीत ऐंशी किलोमीटरमध्ये दुकान सापडतं. आपलं बघा: रात्री अकरा वाजता इंदापूरपाशी पंक्चर झालं तर ऐंशी किलोमीटरमध्ये ना सोलापूर येतं ना पुणं. टेंभुर्णीला पंक्चरवाला उठवाल, पण तो ट्रॅक्टर आणि ट्रकचे टायर खोलणारा माणूस. रनफ्लॅटची ती कडक भिंत पहारीनं उचकटायला गेला की रिमचा बळी जातो. आणि रिकामा चालवलेला रनफ्लॅट आतून किती भाजला हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा तो टाकूनच द्यावा लागतो. बरं, एवढं करून रोजचा प्रवास बैलगाडीसारखा. जुळे सोलापूर ते पार्क चौक जाऊन या, कंबर सांगेल.

म्हणून माझं मत, तुमच्या वापराला: साधे ट्यूबलेस परफॉर्मन्स टायर घाला आणि डिकीत तीन वस्तू ठेवा. बारा व्होल्टचा हवेचा कंप्रेसर, पंक्चरची दोरी-सुया, आणि सीलंटची बाटली. २०२० मध्ये नियमही तसाच बदलला: ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. दोरी ही फक्त घरी पोचण्यापुरती. घरी आल्यावर टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं, भोकात बसणारं रबरी ठिगळ) लावून घ्या, एवढ्या वेगाच्या टायरमध्ये दोरी कायमची ठेवू नका. हे असलं काही रस्त्यात करायची इच्छा नसेल, किंवा घरातलं दुसरं कुणी एकटं गाडी नेत असेल, तर मात्र रनफ्लॅटच ठेवा आणि बीएमडब्ल्यूने आपल्या गाड्यांसाठी मान्य केल्याची चांदणीची खूण असलेला घ्या. त्यात कमीपणा काही नाही. एक करू नका: दोन रनफ्लॅट आणि दोन साधे. वळणावर पुढची आणि मागची चाकं दोन वेगळ्या भाषा बोलतात.

कुठला घ्यावा? सेमी-स्लिक का नको ते एका वाक्यात: त्याला नक्षी जेमतेम असते, तो तापल्याशिवाय धरत नाही आणि पाणी दिसलं की सोडतो. आपल्याकडे पाऊस कमी, हे खरं, आणि म्हणूनच तो जास्त धोक्याचा. आठ महिने रस्त्यावर साठलेलं ऑइल, धूळ आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेली काळी माती, त्यावर वळवाची सर आली की पहिली वीस मिनिटं डांबराचा साबण होतो. तुमचा मागचा टायर २५५ रुंद आहे. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, आणि या गाडीत इंजिनचा जोर मागच्याच चाकांवर. तेव्हा कोरड्यातली पकड कुठल्याही चांगल्या टायरला पुरेशी असते असं धरून चाला आणि ओल्यातल्या पकडीवर पैसे घाला. भिंतीवर ट्रॅक्शनचा, म्हणजे ओल्यातल्या पकडीचा, दर्जा लिहिलेला असतो, डबल ए असेल तर छान. ट्रेडवेअरचा आकडा (जितका मोठा तितका टायर हळू झिजतो) तीनशेच्या आसपास ठेवा. दोनशेच्या खालचे टायर आपल्या उन्हात खोडरबरासारखे झिजतात, आणि पाचशे-सहाशेवाला टायर या गाडीवर म्हणजे लग्नाच्या घोड्याला बैलाचे नाल.

'ऑल सीझन', म्हणजे थंडीतही चालणारा, म्हणून गळ्यात मारतील तर घेऊ नका. समर टायर, म्हणजे आपण वर बोललो तो उन्हाळी परफॉर्मन्स टायर, सात अंशांच्या खाली कडक होतो म्हणून ती भानगड थंड देशांत आहे. सोलापुरात आपण तेवढ्या थंडीत गाडी काढतो कधी?

नावंच हवी असतील तर माझ्या टीटीवर २४५/४० आर१८ मध्ये मिशलिनचे पायलट स्पोर्ट ४ आहेत, समाधानी आहे. त्याच्या पुढची आवृत्ती पायलट स्पोर्ट ५ आलेली आहे. गुडइयरचा ईगल एफ१ आणि ब्रिजस्टोनचा पोटेंझा याच वर्गातले. पण तुमच्या दोन्ही मापांत, एकाच मॉडेलमध्ये, ताज्या तारखेचा जो संच मिळेल तो घ्या. शिळा आवडता टायर घेण्यापेक्षा ताजा दुसऱ्या पसंतीचा बरा.

बसवताना स्वतः उभे राहा. दुकानात फोन करून एवढंच विचारा, 'मशीनला हेल्पर आर्म आहे का?' टायर दाबून धरणारा तो जादा हात. लो प्रोफाइल, म्हणजे बुटक्या भिंतीचा, टायर त्याच्याशिवाय चढवला तर रिमवर ओरखडे ठरलेले. बहुतेक परफॉर्मन्स टायरच्या दोन बाजूंची नक्षी वेगळी असते आणि भिंतीवर 'आउटसाइड' लिहिलेलं असतं. माझ्या एका चाकावर हे अक्षर आतल्या बाजूला बसवलं होतं. मी दाखवलं तर पोरगं म्हणालं, 'काय होत नाय साहेब, गोलच हाय की.' गोल आहे खरं. पण पाणी बाहेर फेकायच्या खाचा एका बाजूला असतात. उतरवून परत बसवायला लावलं, त्याला चहा पाजला, राग संपला.

हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी, गाडी हलवण्याआधी. दहा अंश तापमान वाढलं की साधारण दीड-पावणेदोन पीएसआय वाढतो. त्यामुळे दुपारी पंपावर आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडायची नाही. सोडली की संध्याकाळी टायर मऊ, मऊ टायर जास्त लवतो, लवून आणखी तापतो, आणि हायवेवर फुटलेल्या बहुतेक टायरची गोष्ट तिथूनच सुरू होते. नायट्रोजन भरायचा तर भरा, साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. त्या पैशात स्वतःचा एक गेज घ्या.

ऊस चालू असताना रात्री पुण्याला निघू नका, हे टायरमध्ये बसत नाही तरी लिहितो. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, आणि रस्त्यावर सांडलेला चिपाडाचा थर. त्यावर कुठलाच टायर धरत नाही.

ऑर्डर देण्याआधी एक काम करा. गाडी थंड असताना मागच्या चाकाच्या आत हात घाला आणि टायरची आतली कड चाचपा. या गाडीची मागची चाकं वरून किंचित आत झुकलेली असतात, त्यामुळे बाहेरून नक्षी भरलेली आणि आतून टायर गोटा, असं बऱ्याचदा निघतं. बोटाला तार लागली तर नवे टायर येईपर्यंत गाडी गेटच्या बाहेर काढू नका, आणि नवे बसले की त्याच दिवशी चारही चाकांचं अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करून घ्या. काय लागलं ते कळवा, आतल्या कडेचा फोटो टाकलात तर अलाइनमेंट किती बिघडलंय तेही सांगता येईल.