चौदा बिहेवियर्सची यादी आणि पहिलं टार्गेट कुठलं

नाशिकहून टीवाय बीए सायकॉलॉजीच्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलंय. ती एका थेरपी सेंटरवर इंटर्नशिप करतेय, सहा वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाची चौदा बिहेवियर्सची यादी तिच्या हातात दिली आणि पहिलं टार्गेट निवड म्हणाले, सीनियरचं मत 'खुर्चीत शांत बसणे' आणि 'हात फडफडवणं बंद', कारण पाहुण्यांसमोर आईला लाज वाटते. तिला ते पटेना, पण ठरवताही येईना, म्हणून विचारतेय की एबीए (अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस, म्हणजे वागणं निरखून, मोजून त्यावर काम करणारी थेरपी) ही लाईन माझ्यासाठी आहे का.

अगं, तू अडलीस ना, तिथेच या कामाची खरी सुरुवात आहे. टेक्निक वर्षभरात शिकता येतं, पण 'हे बदललं तर फायदा कोणाचा?' हे विचारायची सवय आधी लागावी लागते.

'शांत बसणे' घे. ऑग्डेन लिंडस्ले या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची एक साधी कसोटी आहे, जे मेलेला माणूसही करू शकतो ते बिहेवियर नव्हे. शांत तर मेलेला माणूसही बसतो, मग मुलगा शिकला काय? आणि हात फडफडवण्याने त्याला किंवा कोणाला इजा होत नसेल तर ते राहू दे बाई, आईशी मात्र नीट बोला, तिचा त्रासही खरा आहे.

यादीत नवव्या नंबरला तू लिहिलंयस 'मनगट चावतो'. हे वर यायला हवं, कारण इजा होते ते आधी बघायचं. पण लगेच 'चावणं बंद' असं टार्गेट लिहू नकोस, चार दिवस वही घेऊन बस आणि प्रत्येक वेळी आधी काय झालं, त्याने नेमकं काय केलं, नंतर काय झालं हे लिही, 'चिडला' असं नको, 'दात मनगटावर दाबले, खूण उठली' असं, म्हणजे दुसऱ्यानेही बघून तेवढंच मोजलं पाहिजे. समज, दिसलं की वर्कशीट पुढे आली की चावतो आणि चावलं की वर्कशीट उचलली जाते, तर तो त्याच्या परीने सुट्टी मागतोय. मग टार्गेट होईल सुट्टी मागणं, बोलून नाहीतर कार्ड देऊन, आणि कार्ड दिलं की सुट्टी लगेच मिळालीच पाहिजे, नाहीतर तो परत चावेल आणि त्यात त्याची काहीच चूक नसेल. शिवाय मागता आलं की ते शाळेत, आजीकडे, सगळीकडे चालतं, खुर्चीत बसणं फक्त सेंटरपुरतं.

एबीएच्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी एक, मॉन्ट्रोज वुल्फ यांनी 1978 मध्येच लिहून ठेवलंय की उद्दिष्ट, पद्धत आणि निकाल, तिन्ही त्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना मोलाची वाटतात का हे विचारा. मूल बोलत नसलं तरी टेबलापासून पळतं तेव्हा ते उत्तरच असतं.

आता कोर्सचं. बिहेवियर अ‍ॅनालिस्टना सर्टिफिकेट देणाऱ्या अमेरिकेतल्या बीएसीबी या संस्थेने 2023 पासून भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज घेणं बंद केलंय, त्यामुळे घरबसल्या बीसीबीए (या संस्थेचं सर्टिफिकेट) करून देतो अशी जाहिरात दिसली तर पैसे भरायच्या आधी हा प्रश्न विचार. इथेच काम करायचं असेल तर मी म्हणेन स्पेशल एज्युकेशनचा आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची) मान्यता असलेला कोर्स कर, म्हणजे रजिस्ट्रेशन मिळेल, एबीए त्याच्यावर शिक.

सोमवारी सीनियरकडे फक्त चार दिवस माग, वहीसाठी. आणि आईला विचार, घरी सगळ्यात जास्त दमवणारी वेळ कोणती.