टर्बिनाफिन दोन महिने घेऊनही गजकर्ण जात नाही, मित्राचं मात्र त्याच गोळीने गेलं, असं का?

तुम्ही लिहिलंय की टर्बिनाफिन २५० रोज न चुकता घेतली तरी जांघेतलं गजकर्ण हटत नाही आणि मित्राचं तीच गोळी घेऊन महिन्याभरात साफ झालं, मग गोळी डुप्लिकेट आहे की अंगाला सवय झाली. मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये बुरशीच्या बेंचवर काम करते म्हणून त्या बाजूने सांगते. गोळी बहुतेक ठीकच असणार, आणि अशी सवय अंगाला होत नसते. तुमच्या आणि मित्राच्या अंगावरची बुरशीच वेगळी असू शकते, चट्टे कितीही सारखे दिसू देत.

टर्बिनाफिन बुरशीचं एक एन्झाइम अडवतं, स्क्वालीन इपॉक्सिडेज. ते अडलं की बुरशीला स्वतःचं आवरण बांधायला लागणारं एर्गोस्टेरॉल बनवता येत नाही आणि ती मरते. पण काही स्ट्रेनमध्ये, म्हणजे बुरशीच्या काही वाणांमध्ये, या एन्झाइमच्या जीनमध्ये बदल झालेला असतो, बरेचदा एन्झाइममध्ये ३९७ नंबरच्या जागी फेनिलअलानिन हे अमिनो आम्ल जाऊन ल्युसिन आलेलं, बस एवढंच, आणि औषध तिथे नीट चिकटतच नाही.

आमच्याकडे हे प्लेटवर उघड दिसतं. प्लेटमधल्या वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, एका ओळीत औषध निम्मं निम्मं कमी करत नेतो, सगळीकडे बीजाणू टाकतो आणि चार-पाच दिवस ठेवतो. एका पेशंटची बुरशी मिलीला ०.०३ मायक्रोग्रॅम औषध असलेल्या वेलमध्येसुद्धा उगवत नाही, आणि खालच्याच ओळीत दुसऱ्याची १६ मायक्रोग्रॅममध्ये पण कापसासारखी पांढरी वर आलेली असते. म्हणजे पाचशेपट फरक! आणि दोघांचे कल्चर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेली बुरशी, शेजारी ठेवले तर तसेच पांढरट पावडरी, मायक्रोस्कोपखाली पण काही वेगळं कळत नाही. म्हणून अशा स्ट्रेनवर २५० ची ५०० करून फारसं काही हाती लागत नाही, हे मला अगदी कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण लोक महिनोन्महिने डोस वाढवत बसतात.

टर्बिनाफिनला अशी न जुमानणारी जी बुरशी बरेचदा सापडते, तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी दिलं, तिथल्या एका भारतीय आणि एका नेपाळी पेशंटकडून मिळालेल्या नमुन्यांवरून. त्याआधी २०१८ मध्ये दिल्लीच्या पेशंट्समध्ये याच जीनमधले बदल सापडले होते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन केस जाहीर झाल्या आणि त्यातली एक बाई तर अलीकडे परदेशात गेलेलीच नव्हती. म्हणजे तुम्ही गोळ्या चुकवल्या म्हणून हे झालं असं मनाला लावून घेऊ नका, ही बुरशी तुमच्याकडे येतानाच रेझिस्टंट असू शकते, टॉवेलवरून, कपड्यांवरून, घरातल्या कुणाकडून.

आता काय करायचं तर स्किनच्या डॉक्टरांना भेटा आणि स्क्रॅपिंग (चट्ट्यावरून खरवडलेली त्वचा) देऊन केओएच, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बुरशी बघायची तपासणी, आणि कल्चर करा, आणि जमत असेल तर सेन्सिटिव्हिटी पण, म्हणजे कोणतं औषध चालतं ती तपासणी. ती सगळीकडे होत नाही, मोठ्या मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजीत विचारा. बहुतेक वेळा डॉक्टर इट्राकोनाझोलवर नेतात, ते वेगळ्या एन्झाइमवर काम करतं म्हणून अशा स्ट्रेनवरही बऱ्याचदा चालतं, पण त्यालाही न जुमानणारे स्ट्रेन निघालेत, तेव्हा स्वतःहून सुरू करू नका. हार्टचा किंवा लिव्हरचा त्रास असेल, इतर गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. कॅप्सूल जेवणानंतर घ्यायची, आणि अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर तेही सांगा, त्याने ती अंगात कमी शोषली जाते.

आणि केमिस्ट देतो ती स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आधी बंद करा, खाज दोन दिवसांत थांबते पण आत बुरशी पसरत राहते. घरात अजून कुणाला चट्टे असतील तर त्यांनाही सोबत न्या, एकट्याने औषध घेतलं तर ती परत तुमच्याकडेच येते. स्क्रॅपिंगच्या आधी मलम किती दिवस थांबवायचं ते लॅबला फोन करून विचारा, नाहीतर बुरशी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.