तेव्हाच का सांगितले नाही?

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावर आमचा टॉवेलचा लहान कारखाना आहे आणि आम्ही एकत्र राहतो. माझी पुतणी आता 21 वर्षांची असून शिक्षणासाठी पुण्यात असते. गेल्या महिन्यात तिने मला सांगितले की, सहावी-सातवीत असताना आमच्या एका जवळच्या नातेवाइकाने तिच्या अंगाशी अनेकदा नको ते चाळे केले. या गृहस्थांना घरात मोठा मान आहे. माग बंद पडले होते, तेव्हा सुतासाठी पैसे त्यांनीच दिले होते. संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेला ते दर वर्षी सहकुटुंब आमच्याकडे मुक्कामाला असतात. पुतणीला विचारूनच मी ही गोष्ट तिच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या दिरांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "खरे असते तर तेव्हाच सांगितले नसते का? इतकी वर्षे गप्प का बसली?" माझा तिच्यावर विश्वास आहे, पण हा प्रश्न मलाही छळतो, कारण ती माझ्याशी सगळे बोलायची. यात्रेच्या दिवसांत मात्र पोट दुखते म्हणून ती झोपून राहायची, रात्री आत्याकडे झोपायला जाते म्हणून रडायची आणि आम्ही सगळे तिला हट्टी म्हणायचो, एवढे आठवते.
— एक काकू, सोलापूर

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य दिरांना पुन्हा एकदा वाचून दाखवा. पुतणीने तेव्हाच सांगितले होते. नेमके यात्रेच्या दिवसांत दुखणारे पोट आणि नेमक्या त्याच रात्री आत्याच्या घरी जाण्याचा हट्ट, हे अकरा-बारा वर्षांच्या मुलीचे सांगणेच होते. या वयात आपल्या शरीराशी काय केले जात आहे याला काय म्हणतात, हेच मुलांना ठाऊक नसते, कारण घरात त्या अवयवांची नावेसुद्धा कोणी उच्चारत नाही. ज्या गोष्टीसाठी शब्दच दिलेले नाहीत, ती गोष्ट मूल वागण्यातून सांगते. आपण ते ओळखले नाही याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. फार थोड्या घरांत ते ओळखले जाते.

मूल उघडपणे का बोलत नाही, याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे अत्याचार करणारा माणूस बहुधा ओळखीचा आणि विश्वासातला असतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली 13 राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात 53 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे जण मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या नात्यातले होते आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कधीच कोणाला सांगितलेली नव्हती. अनोळखी माणसाने हात लावला तर मूल एक वेळ ओरडेल, कारण तो वाईट आहे हे त्याला आधीच शिकवलेले असते. पण ज्यांच्या पाया पडायला आपणच मुलीला पुढे करतो, जे तिच्यासाठी यात्रेतून खेळणी आणतात आणि ज्यांच्यापुढे तिचे वडील नम्रपणे उभे राहतात, त्या माणसाविषयी काय बोलायचे, कोणापुढे बोलायचे आणि बोलल्यावर मोठी माणसे कोणाची बाजू घेतील, याचा अंदाज ती मुलगी मनाशी बांधत असते. सुतासाठी आलेल्या पैशांची गोष्ट त्या काळात घरात बोलली जात असणार आणि तिने ती ऐकलेली असणार. माग पुन्हा सुरू झाले ते कोणामुळे, हे तिला माहीत होते. एवढे ओझे डोक्यावर असताना ती गप्प राहिली, यात मला घराविषयीची तिची काळजी दिसते.

रोलँड समिट या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने 1983 साली अशा मुलांच्या वागण्याचे पाच टप्पे मांडले होते : गुप्तता, असहायता, सापळ्यात अडकून परिस्थितीशी जुळवून घेणे, उशिरा व विसंगत वाटेल असे सांगणे आणि शेवटी सांगितलेले मागे घेणे. प्रत्येक मूल याच क्रमाने जाते असे नाही, आणि केवळ या टप्प्यांवरून कोणतीही तक्रार खरी की खोटी हे ठरवताही येत नाही. तरीही उशीर होणे आणि सांगण्यात तुटकपणा असणे हे अनैसर्गिक नाही, एवढे त्यातून नक्की समजते. भीतीच्या क्षणी मेंदू सर्व तपशील क्रमवार साठवत नाही. एखादा वास किंवा दाराची कडी लख्ख आठवते, महिना मात्र आठवत नाही. म्हणून दिरांनी तारीख-वार विचारून तिची उलटतपासणी घेऊ नये.

"ओरडली का नाहीस?" हा प्रश्नही आज ना उद्या घरात निघेल, म्हणून त्याविषयी आताच लिहितो. भीतीने अनेकदा शरीर थिजते, हातपाय हलत नाहीत आणि आवाज फुटत नाही. स्टॉकहोम येथील बलात्कारपीडितांसाठीच्या तातडीच्या दवाखान्यात आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला; त्यांपैकी 70 टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात असे जखडून गेल्याचे सांगितले होते. प्रौढ स्त्रियांची ही स्थिती होते, तर सहावीतल्या मुलीकडून प्रतिकाराची अपेक्षा कशी करावी? खरा अत्याचार असेल तर प्रतिकार झालाच असता, हा गैरसमज आपल्या न्यायालयांनीही बाळगला होता. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात 1972 साली घडलेल्या, मथुरा नावाच्या मुलीच्या बलात्कार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, मुलीच्या अंगावर जखमा नाहीत याला महत्त्व देऊन, 1978 साली आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. त्याविरुद्ध कायद्याच्या चार प्राध्यापकांनी 1979 साली खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि 1983 साली कायदा बदलला. पुढे 1996 साली गुरमित सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केले की, लैंगिक अत्याचाराची तक्रार उशिरा आली एवढ्यावरून ती खोटी ठरवता येत नाही, कारण अब्रूच्या भीतीने पीडिता आणि तिचे कुटुंब पोलिसांकडे जायला कचरतात. दिरांना पटवायचे असेल तर हा निकाल त्यांना जरूर सांगा.

ती आताच का बोलली, हेही समजून घ्यायला हवे. ती पुण्यात राहते, त्या माणसाच्या समोर तिला जेवायला बसावे लागत नाही आणि आपल्यावर विश्वास ठेवणारी एक व्यक्ती घरात आहे याची तिला खात्री वाटली. ती व्यक्ती आपण आहात. तिला एवढेच सांगा की, तुझ्यावर माझा विश्वास आहे आणि यात तुझी काहीही चूक नाही. तपशील तिने आपणहून सांगितले तर ऐका, स्वतः विचारू नका.

तक्रार करायची की नाही हे तिने ठरवावे आणि तिच्या गतीने ठरवावे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या, 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू झालेल्या पॉक्सो कायद्यानुसार नातेवाइकाने किंवा वारंवार केलेला लैंगिक हल्ला हा अधिक गंभीर गुन्हा आहे आणि अशा गुन्ह्याच्या तक्रारीला मुदतीची आडकाठी येत नाही. सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत कायदेशीर सल्ला मिळतो आणि अत्याचारपीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्याच्या मनोधैर्य योजनेची चौकशीही तिथेच करता येते. मात्र एक गोष्ट तिच्या निर्णयासाठी थांबू शकत नाही. येत्या संक्रांतीला हे गृहस्थ आपल्या घरी मुक्कामाला येता कामा नयेत, आणि घरातील लहान मुले एक दिवसही त्यांच्यासोबत एकटी राहता कामा नयेत. त्यांच्याकडून आज एखाद्या मुलाला त्रास होत असल्याचे आपल्या कानावर आले, तर पोलिसांना कळवणे हे कायद्यानेच आपल्यावर बंधन आहे. उसने घेतलेले पैसे फेडता येतात. त्यांच्या उपकाराची किंमत मुलांनी मोजायची नसते.

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागातील शाळेत शिक्षिका आहे. आठवीतल्या एका मुलीने शेजारच्या माणसाविषयी मला रडत सांगितले आणि दुसऱ्या दिवशी "मी खोटे बोलले, बाई" असे म्हणाली. तिच्या घरी तेलुगू बोलतात, मराठीत ती अडखळते. शाळेचे नाव खराब होईल, विषय सोडून द्या, असे मुख्याध्यापक म्हणतात. मी काय करावे?
— एक शिक्षिका

उत्तर : आजच कळवा. सांगितलेले मागे घेणे हा वर दिलेल्या पाच टप्प्यांतील शेवटचा टप्पा आहे. एका रात्रीत तिच्या घरी काय घडले असेल याची कल्पना आपण करू शकता : कोणीतरी धमकावले असेल, आई रडली असेल किंवा शाळा बंद करण्याची भाषा झाली असेल. तिचे म्हणणे खरे की खोटे, हे ठरवण्याची जबाबदारी कायद्याने आपल्यावर टाकलेली नाही. अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी शंका आली तरी पॉक्सोच्या कलम 19 नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावेच लागते. न कळवणाऱ्याला कलम 21 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि संस्थाप्रमुखांनी आपल्या हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवल्यास ही शिक्षा एक वर्षापर्यंत जाते. सद्‌हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. माहिती चुकीची निघाली तरी त्या मुलीला शिक्षा होत नाही, हेही कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. ते मुख्याध्यापकांनाही सांगा. 1098 या क्रमांकावर दिवसरात्र मदत मिळते.

मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. तिचे नाव किंवा शाळेचे नाव वर्तमानपत्रात येऊ देता येत नाही. भाषेचा मुद्दा मला इथे सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विडी वळणाऱ्या आणि मागावर काम करणाऱ्या कुटुंबांतील कितीतरी मुली घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात आणि पोलीस ठाण्यात मराठीत अडखळल्या की, त्यांचे अडखळणे म्हणजे खोटेपणा असे समजले जाते. कायद्याने दुभाषी मागता येतो. तो पहिल्याच दिवशी लेखी मागा, आणि तो तिच्या गल्लीतला किंवा नात्यातला नसेल याची खबरदारी घ्या.