हिपॅटायटिस सी : नोंदवहीतून निसटणारा बरा झालेला रुग्ण

हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणुजन्य रोगाची आकडेवारी कशी जमते आणि ती कशी वाचावी, याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी पाच येथे घेतले आहेत. तिसऱ्या प्रश्नाला सर्वांत सविस्तर उत्तर हवे होते, म्हणून इतर उत्तरे आटोपशीर ठेवली आहेत.

प्रश्न : हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बरा होतो असे वाचतो, मग आरोग्य विभागाच्या वार्षिक अहवालांत त्याच्या नोंदी वाढत का जातात? औषध असूनही रोग पसरतो आहे, असाच याचा अर्थ नव्हे का?

उत्तर : तसा अर्थ निघू शकतो; पण तो काढण्याआधी त्या वर्षी किती लोकांची तपासणी झाली हे पाहिले पाहिजे, आणि बऱ्याचदा नेमका तोच आकडा शेजारी छापलेला नसतो. हा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. लागण झालेल्या बहुतेकांना सुरुवातीला काहीच त्रास होत नाही, आणि यकृत काठिण्य किंवा यकृताचा कर्करोग दिसू लागेपर्यंत २०-३० वर्षे जाऊ शकतात. त्यामुळे यंदा नोंदवहीत चढलेल्या माणसाला लागण यंदाच झाली असे समजण्याचे कारण नाही. ती कदाचित त्याच्या तरुणपणी एखाद्या न उकळलेल्या सुईतून झाली असेल आणि यंदा फक्त कोणीतरी त्याचे रक्त तपासले असेल.

ताज्या लागणींचा आकडा याहून फसवा असतो. अमेरिकेत २०२१ साली तीव्र, म्हणजे नुकतीच लागण झालेल्या, हिपॅटायटिस सीच्या ५,०२३ नोंदी झाल्या, परंतु तेथील रोगनियंत्रण केंद्राने त्या वर्षीच्या नव्या लागणींचा अंदाज ६९,८०० इतका बांधला. लक्षणे न दिसल्यामुळे तपासणी न झालेले आणि निदान होऊनही कळवले न गेलेले लोक जमेस धरण्यासाठी प्रत्येक नोंदीमागे सुमारे १४ लागणी गृहीत धराव्या लागतात.

इजिप्तचे उदाहरण उलट दिशेने बोलके आहे. तेथे ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या सात महिन्यांत सुमारे ५ कोटी लोकांची तपासणी झाली आणि ज्यांच्यात विषाणू सापडला त्यांना मोफत औषधे देण्यात आली. नुसत्या नोंदी मोजणाऱ्याला त्या काळातला इजिप्त रोगाने होरपळताना दिसला असता. प्रत्यक्षात तो देश रोगाच्या मुळावर उठला होता, आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने निर्मूलनाच्या मार्गावरील ‘सुवर्ण’ श्रेणी सर्वप्रथम त्यालाच दिली.

प्रश्न : रक्तदानाच्या वेळी माझी चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली आणि नंतरच्या चाचणीत विषाणू नाही असे निष्पन्न झाले. सरकारी आकड्यांत माझी गणना रुग्णांमध्ये झाली असेल का?

उत्तर : ते आपल्या भागातील व्यवस्थेने ‘रुग्ण’ या शब्दाची व्याख्या कशी केली आहे यावर अवलंबून आहे. पहिली चाचणी प्रतिपिंडांची, म्हणजे विषाणूशी लढण्यासाठी शरीराने बनवलेल्या प्रथिनांची (अँटिबॉडी), असते. शरीराची या विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढेच ती सांगते. दुसरी आरएनए चाचणी मात्र विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधते आणि विषाणू आज रक्तात आहे की नाही ते सांगते. लागण झालेल्यांपैकी १५ ते ४५ टक्के लोकांचे शरीर कोणत्याही औषधाविना सहा महिन्यांच्या आत विषाणू हटवते. तरीही प्रतिपिंडे बहुधा आयुष्यभर मागे राहतात. उपचारांनी बरे झालेल्यांचेही तसेच होते.

या दोन चाचण्यांची सरमिसळ झाली की आकडे किती फुगतात, हे अमेरिकेतील २०१३ ते २०१६ या काळाच्या एका अंदाजावरून कळते. त्यानुसार प्रतिपिंडे असलेले प्रौढ सुमारे ४१ लाख होते, तर प्रत्यक्ष विषाणू असलेले सुमारे २४ लाख. बातमीत यांपैकी कोणताही आकडा ‘हिपॅटायटिस सीचे रुग्ण’ म्हणून छापून येऊ शकतो, आणि वाचकाला फरक कळण्याची सोय नसते. तान्ह्या मुलांच्या बाबतीत घोटाळा आणखी वाढतो. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात, म्हणून तोवर प्रतिपिंड चाचणीवरून बाळाला रुग्ण ठरवता येत नाही.

आपली दुसरी चाचणी झाली हे चांगले झाले. अनेकांची ती होतच नाही, कारण त्यासाठी पुन्हा यावे लागते, पुन्हा रक्त द्यावे लागते, आणि मधल्या काळात माणूस हरवतो. पहिल्या चाचणीच्या नमुन्यावरच, किंवा त्याच वेळी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यावर, प्रयोगशाळेने आपणहून आरएनए चाचणी करावी हा त्यावरचा साधा उपाय आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२३ साली तशी स्पष्ट सूचना दिली. माझ्या मते या रोगाच्या आकडेवारीत सुधारणा करण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही, आणि गंमत अशी की तो संगणकापाशी नसून रक्त काढणाऱ्याच्या टेबलापाशी आहे.

प्रश्न : मी आरोग्य खात्यात माहिती संकलनाचे काम करते. आमच्याकडे निदान झालेल्यांची यादी आहे, परंतु त्यांपैकी किती जण बरे झाले असे विचारले की कोणालाच उत्तर देता येत नाही. इतर ठिकाणी हे कसे मोजतात?

उत्तर : आपण नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. बहुतेक नोंदव्यवस्था मुळात साथीच्या रोगांसाठी उभ्या राहिल्या. रोगी सापडला की कळवायचे, साथ कुठे आहे ते शोधायचे, आणि साथ ओसरली की फाइल बंद करायची, अशी त्यांची घडण आहे. त्यामुळे अनेक ठिकाणी प्रयोगशाळांनी फक्त सकारात्मक अहवाल कळवावेत असा नियम राहिला. गोवरासारख्या रोगाला तो पुरतो. हिपॅटायटिस सीमध्ये मात्र बरे झाल्याचा पुरावा म्हणजेच नकारात्मक आरएनए अहवाल, कारण औषधांचा क्रम संपल्यावर १२ आठवड्यांनी किंवा त्यानंतर रक्तात विषाणू सापडला नाही तरच रुग्ण बरा झाला असे मानतात. जी व्यवस्था नकारात्मक अहवाल स्वीकारतच नाही, तिच्या वहीत एकदा शिरलेला माणूस कधीच बाहेर पडत नाही. तो बरा होऊन घरी गेलेला असतो, आणि वहीत मात्र रुग्ण म्हणून राहतो. म्हणून पहिली मागणी हीच करावी की आरएनए चाचणीचे सगळे निकाल, ‘विषाणू आढळला नाही’ हेही धरून, कळवणे बंधनकारक व्हावे.

हे निकाल येऊ लागले की उतरंड रचता येते. घरात मडक्यांची उतरंड रचतात तशीच ही असते, तळाशी सर्वांत मोठे आणि वर जावे तसे लहान. तळाचे मडके म्हणजे लागण झाल्याचा पुरावा असलेले सगळे लोक. त्यावर आरएनए चाचणी झालेले. त्यावर विषाणू आढळलेले. त्यावर उपचार सुरू झालेले. आणि सर्वांत वर बरे झाल्याचे सिद्ध झालेले. कोणत्या मडक्यापाशी आकार एकदम आक्रसतो ते पाहिले की पैसा आणि मनुष्यबळ कुठे लावायचे ते कळते. दुसऱ्या मडक्यापाशी गळती असेल तर प्रयोगशाळेची पद्धत बदलायला हवी. चौथ्यापाशी असेल तर औषधे पोहोचत नाहीत किंवा ती लिहून देण्याचा अधिकार मोजक्याच डॉक्टरांपुरता राखलेला आहे, असे समजावे.

अमेरिकेत एका मोठ्या व्यापारी प्रयोगशाळेच्या नोंदींवरून अशी उतरंड रचून २०२३ साली प्रसिद्ध करण्यात आली. २०१३ ते २०२१ या काळात सुमारे १७ लाख लोकांमध्ये लागणीचा पुरावा आढळला; त्यांपैकी ८८ टक्क्यांची आरएनए चाचणी झाली होती; त्यांतील ६९ टक्क्यांमध्ये विषाणू सापडला; आणि विषाणू सापडलेल्यांपैकी जेमतेम ३४ टक्के पुढे विषाणूमुक्त झाल्याचे दिसले. ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांना बरे करणारी औषधे बाजारात असतानाचे हे आकडे आहेत. त्यांतही एक मेख आहे. या प्रयोगशाळेत निदान झालेला माणूस दुसऱ्या प्रयोगशाळेत विषाणूमुक्त ठरला असेल, तर तो येथे बरा झालेला दिसत नाही. जगभराचे चित्र याहून फिके आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ अखेरपर्यंत जुनाट लागण असलेल्यांपैकी ३६ टक्क्यांचेच निदान झाले होते आणि २० टक्क्यांनाच उपचार मिळाले होते. २०३० साठीचे लक्ष्य ९० टक्के निदानाचे आणि ८० टक्के उपचारांचे आहे.

आपल्या कामाशी थेट निगडित असलेली अडचण म्हणजे चाचण्या मोजणे आणि माणसे मोजणे यांतील अंतर. एकाच माणसाच्या तीन अहवालांवर त्याचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असते. कुठे वडिलांचे नाव आहे, कुठे नाही, कुठे वय आहे पण जन्मतारीख नाही. जॉर्जिया या देशाने एप्रिल २०१५ मध्ये निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला तेव्हा प्रत्येकाच्या राष्ट्रीय ओळख क्रमांकाच्या आधारे तपासणी आणि उपचार यांच्या नोंदी जोडल्या. त्यामुळे कोण कोणत्या पायरीवर अडकला आहे हे तेथे व्यक्तीगणिक सांगता येऊ लागले. सर्वत्र असा क्रमांक वापरता येत नाही. मग नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता अशा तुकड्यांवरून जुळणी करावी लागते, आणि तीत दोन तऱ्हेच्या चुका होतात. एकाच माणसाचे दोन झाले तर आकडा फुगतो; ही चूक त्रासदायक असली तरी पुढेमागे सापडते. दोन माणसांचा एक झाला तर एकाचा नकारात्मक अहवाल दुसऱ्याच्या नावावर चढतो, दुसरा बरा झाला असे ठरते, आणि त्याला कोणीही शोधायला जात नाही. शंका असेल तिथे दोन नोंदी वेगळ्या ठेवाव्यात, असे मी सुचवीन.

आणखी एक पथ्य पाळावे. उपचार पूर्ण करूनही शेवटच्या चाचणीला न आलेल्यांना ‘बरे झाले’ या रकान्यात टाकू नये आणि ‘अपयश’ या रकान्यातही टाकू नये; त्यांच्यासाठी ‘निकाल अज्ञात’ असा स्वतंत्र रकाना असावा. औषधवाटपाच्या नोंदी हाताशी असतील तर त्या जोडून घ्याव्यात, कारण पूर्ण क्रमाची औषधे घेतलेल्यांपैकी बहुतेक जण बरे झाले असणार असा अंदाज त्यांवरून बांधता येतो. पण तो अंदाज आहे हे तक्त्याखाली लिहावे. विषाणूमुक्त ठरलेल्या माणसात पुढे पुन्हा विषाणू सापडला तर तो जुन्या नोंदीत मिसळून टाकू नये. तो पुनर्लागणीचा संशयित म्हणून तारखेसह वेगळा नोंदवावा. या रोगातून बरे झालेल्याला त्याची लागण पुन्हा होऊ शकते, आणि तसे होत असेल तर निर्जंतुक सुयांचा पुरवठा कुठे कमी पडतो याचा माग याच रकान्यातून लागतो.

प्रश्न : एवढा खटाटोप करण्यापेक्षा मृत्यूच्या नोंदी पाहून रोगाचा अंदाज का घेत नाहीत?

उत्तर : कारण मृत्यूच्या दाखल्यावर यकृत निकामी झाल्याचे लिहिलेले असते, ते कशामुळे झाले हे बऱ्याचदा लिहिलेले नसते. अमेरिकेतील एका अभ्यासात हिपॅटायटिस सी असल्याचे आधीच ठाऊक असलेल्या मृत रुग्णांच्या दाखल्यांपैकी केवळ १९ टक्क्यांवर त्या रोगाचा उल्लेख सापडला, आणि त्या मृतांपैकी बहुसंख्यांच्या यकृताची हानी झाल्याचे पुरावे मात्र होते. कर्करोगाच्या नोंदवहीशी सांगड घातली तर चित्र थोडे सुधारते. तरीही मृत्यूचा आकडा कित्येक वर्षांपूर्वीच्या लागणींविषयी बोलतो, आजच्या नव्हे.

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाला पंधरा वर्षांपूर्वी हिपॅटायटिस सीचे निदान झाले होते. तेव्हाची इंजेक्शने सोसली नाहीत म्हणून त्याने उपचार सोडले. आता आरोग्य विभागाकडून त्याला तपासणीला बोलावणारे पत्र आले आहे. त्यांना त्याचे नाव कसे कळले, आणि हे योग्य आहे का?

उत्तर : जुन्या प्रयोगशाळा नोंदींमधून कळले असण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे. इंग्लंड आणि नेदरलँड्स येथे असे प्रयत्न झाले आहेत. पूर्वी निदान होऊन नंतर पाठपुराव्यातून निसटलेल्यांची यादी जुन्या अहवालांवरून करायची, मृत आणि बरे झालेले वगळायचे, आणि उरलेल्यांना नव्या उपचारांसाठी पुन्हा बोलवायचे, अशी ती पद्धत. यात अडचणी पुष्कळ येतात. पत्ते बदललेले असतात, आणि कित्येकांनी दुसरीकडे उपचार घेतलेले असतात.

हे योग्य आहे का, या प्रश्नाचे उत्तर पत्र कसे आले यावर ठरते. लिफाफ्यावर रोगाचे नाव असेल, किंवा दारावर येऊन शेजाऱ्यांसमोर चौकशी झाली असेल, तर ते चूकच. या रोगाला अजून लांच्छन चिकटलेले आहे आणि एका निष्काळजी पत्रामुळे माणूस कायमचा दुरावू शकतो. नावासह ठेवलेली माहिती केवळ उपचारांसाठी वापरली जावी, ती नोकरी, विमा किंवा पोलीस तपास यांसाठी कोणाच्या हाती पडू नये, आणि प्रसिद्ध होणाऱ्या तक्त्यांत माणूस ओळखता येईल इतके लहान आकडे छापले जाऊ नयेत, एवढी हमी मागण्याचा आपल्या भावाला अधिकार आहे. त्या मर्यादा पाळलेल्या असतील तर असे पत्र पाठवणे हे नोंदवहीचे सर्वांत चांगले काम आहे, असे मी म्हणेन.

भावाने जावे. आता बहुतेकांचा उपचार ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांचा असतो. जुन्या इंजेक्शनांसारखा त्रास त्यात सहसा होत नाही. तेथे आरएनए चाचणीच होणार आहे ना, हे आधी विचारून घ्यावे, कारण प्रतिपिंड चाचणीतून त्याच्याविषयी नवे काहीच कळणार नाही. मधल्या काळात विषाणू आपोआप गेला असेल किंवा त्याने दुसरीकडे उपचार घेतले असतील, तर तो अहवाल त्याने सोबत न्यावा आणि आपल्या नावापुढे त्याची तारीख लिहून घ्यावी.