हिंगाच्या डबीतला गहू

प्रश्न : मधुमेह, वजन हे नेहमीचे विषय सोडून तुम्ही सिलिअ‍ॅक या गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणाऱ्या आजाराकडे कशा वळलात? माझ्या मुलीचं पोट सारखं बिघडतं. गहू बंद करून पाहू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : भाचीमुळे. तिची उंची वाढेना, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलेना. घरात एकच पालुपद, ‘नीट जेवत नाही.’ शेवटी रक्ताची टीटीजी तपासणी (या आजाराची प्रतिपिंडं शोधणारी) आणि लहान आतड्याची बायोप्सी झाली, तेव्हा उलगडा झाला. ताईच्या हातात कागद पडला : ‘गहू, बार्ली, राय टाळा.’ बस्स! राय हे गव्हासारखं परदेशी धान्य आपल्याकडे खातं कोण? पण डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, भाजणीत गहू असतो, गिरणीत आधीच्याच्या गव्हावर आपली ज्वारी दळली जाते, यातलं काहीच त्यात नव्हतं. ते शोधता शोधता मी याच विषयात रुतले. आजही नव्या रुग्णाला पहिला प्रश्न असतो, दळण कुठून आणता?

मुलीचा गहू मात्र इतक्यात बंद करू नका. तपासणीआधी सोडलात तर आजार असूनही अहवालात दिसणार नाही, असं होऊ शकतं. आधी पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. निदान झालंच, तर ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आहेतच; फक्त घरघंटी घ्या.